घमेल्याची नोंद

इनास मच्याडो यांच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. निळं आंतर्देशीय पत्र होतं. अक्षर त्यांच्या मुलीचं, कारण मच्याडो चौथीपर्यंतच शिकलेले; ते सांगायचे आणि फिलोमिना लिहायची. पुण्याला कोशाच्या कार्यालयात खिडकीशी उभा राहून मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

“कुणाचं हो, परचुरे?” पलीकडच्या टेबलावरून बिवलकरांनी विचारलं.

“वसईचं. विशेष काही नाही.”

तो १९७६चा डिसेंबर होता आणि मी एकतीस वर्षांचा होतो.

त्यांचं पहिलं पत्र त्याच वर्षी फेब्रुवारीत आलं होतं. आपापल्या धंद्यातले शब्द कळवा, असं आवाहन आमच्या कार्यालयाने वर्तमानपत्रांतून केलं होतं. बहुतेक पत्रं पेन्शनरांची यायची, आणि त्यांत शब्दांपेक्षा आत्मचरित्र जास्त असायचं. हे पत्र मात्र सरळ होतं. ‘मी भुईगावचा गवंडी. चाळीस वर्षं घमेल्यावर पोट भरलं. हा शब्द आपल्याकडे कुठून आला ते मी जागोजाग विचारत आलो आहे. कुणाला ऐकायचं असेल तर या, नाहीतर लिहून पाठवतो.’

मी ते नानासाहेब सोवनींसमोर ठेवलं. ते आमचे प्रमुख संपादक.

“घमेलं पोर्तुगीज असावं असं जुन्या एक-दोन कोशांत म्हटलंय,” चष्मा कपाळावर चढवत ते म्हणाले. “पण आमच्या बिवलकरांनी तो घामावरून लावलाय.”

“डोक्यावर घेतलं की घाम येतो,” बिवलकर म्हणाले. “स्वच्छ आहे.”

“मग पाट्यालाही घमेलंच म्हणायला हवं. आमच्या हिला पुरण वाटताना काय कमी घाम येतो?” नानासाहेब हसले आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. “जाऊन या. पण पुरावा आणा, परचुरे. गोष्टी नकोत.”

पुराव्याची आमची एक रीत होती. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, आणि कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात एक अक्षर. ‘छा’ म्हणजे छापील पुस्तकात सापडलं. ‘पा’ म्हणजे आपल्यापैकी कुणी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याखाली पाहणाऱ्याची सही. ‘ऐ’ म्हणजे ऐकीव. ऐकीव कार्डं खिडकीखालच्या खणात जायची, आणि त्या खणातून कोशात गेलेलं एकही कार्ड मी पाहिलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्यानंतर उपसंपादकाची एक जागा कायम व्हायची होती. आम्ही हंगामी दोघे होतो, बिवलकर आणि मी. बिवलकर चारचौघांत बोलू शकत. मला साधा चहा मागवायचा तरी शिपाई आपणहून माझ्याकडे बघेपर्यंत मी थांबून राहत असे.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मी भुईगावला गेलो. मच्याडो केळीच्या बागेच्या तोंडाशीच उभे होते. ठेंगणे, रुंद, बोटं चुन्याने खाल्लेली. नमस्कार झाला, पाणी झालं, आणि मी वही काढली तसे ते म्हणाले, “वही राहू द्या, साहेब. आधी हे घ्या.”

अंगणात वाळूने भरलेलं घमेलं होतं.

“मी?”

“शब्द लिहायचा तर वजन कळायला नको?”

त्यांनी चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर घमेलं चढवलं. मी सहा पावलं चाललो. सातव्याला मान लटपटली. मच्याडोंनी घमेलं वरच्या वर झेललं, तरी मूठभर वाळू माझ्या कॉलरमध्ये गेलीच. ओट्यावरून कुणीतरी खुदकन हसलं.

“फिलू, हसू नको. साहेबांची मान लिहिण्याची आहे.”

“आणि तुमची, बाबा?” ओट्यावरची मुलगी म्हणाली. एकोणीसेक वर्षांची असेल. पत्र तिनेच लिहिलेलं, हे मला तेव्हा कळलं.

“माझी वर बघायची. भिंत सरळ आहे का ते.”

मग ते बोलायला लागले. मला वाटतं, या माणसाइतकं एका शब्दावर प्रेम केलेलं दुसरं कुणी मला पुढे भेटलं नाही, आणि माझं सगळं आयुष्य शब्दवाल्यांत गेलं.

“आमच्या चर्चमध्ये एक म्हातारे फादर होते. त्यांच्या खोलीचा गिलावा करत होतो. मी हाताखालच्या बाईला ओरडलो, ‘घमेलं आण.’ फादर पुस्तकातून मान वर करून म्हणाले, ‘इनास, तू लॅटिन बोललास.’ मी म्हटलं, चुकलं असेल तर माफ करा.”

फिलोमिना पुन्हा हसली. ही गोष्ट तिने शंभर वेळा ऐकलेली असणार.

“ते म्हणाले, लॅटिनमध्ये कामेल्ला म्हणजे वाडगा. एवढासा. दूध प्यायचा. तो पोर्तुगालात जाऊन गामेला झाला. लाकडाचा, मोठा. डुकरांना त्यात खाणं घालतात. मग पुढे मुंबईला गोदीत दुरुस्तीच्या कामावर होतो. एक फ्रेंच खलाशी दुपारी डब्यात जेवत होता. मी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? तो म्हणाला, गामेल. साहेब, अंगावर काटा आला. मी त्याच्यासमोर घमेलं घेऊन उभा!”

“काय म्हणालात त्याला?”

“काय म्हणणार? मी माझं घमेलं त्याला दाखवलं आणि म्हटलं, घमेलं. तो म्हणाला, गामेल. मी म्हटलं, घमेलं. मुकादम लांबून बघत होता, त्याला वाटलं आमचं भांडण लागलंय.”

मी भराभर लिहीत होतो. मच्याडो माझ्या वहीकडे बघत म्हणाले,

“बघा ना. दुधाचा वाडगा होता. एका देशात डुकरांपुढे गेला, एका देशात खलाशापुढे, आणि आमच्याकडे येऊन बायांच्या डोक्यावर बसला. आपली माणसं नाही का अशी पांगत?”

घरातून बोलावणं आलं. पानं मांडली होती. फिलोमिना म्हणाली, “आज घरात मासळीसुद्धा आणली नाही, साहेब. भाजी आणि भात आहे. भांडी नवीन आहेत, बाबांनी काल बाजारातून आणली.”

मी ज्या घरात वाढलो तिथे बाहेरचं पाणीसुद्धा विचारून प्यायचं असे. हे सगळं मी मनाने केव्हाच सोडून दिलं होतं, निदान तसं बोलत तरी होतो. पण पानासमोर उभा राहिलो आणि तोंडून गेलं, “आज माझा उपास आहे.”

“मंगळवारचा?” मच्याडो म्हणाले.

“हो. गणपतीचा.”

मी जन्मात मंगळवार केला नव्हता. मच्याडोंनी त्या नव्या भांड्यांकडे एकदा पाहिलं आणि मुलीला म्हणाले, “सुकेळी दे साहेबांना. फळ चालतं.” वाळवलेली केळी होती ती, सोनेरी, चिकट. मी दोन खाल्ली.

जेवण झाल्यावर त्यांनी खरी गोष्ट काढली. त्यांच्या आजीची एक लाकडी काथवट होती. पीठ मळायची. घरात सगळे तिला गामेलच म्हणत. आणि तिच्या तळाला पोर्तुगीज अक्षरांत ‘गामेला’ असं कोरलेलं होतं, खाली साल, १७११. म्हणजे मराठ्यांनी वसई घेतली त्याच्याही अठ्ठावीस वर्षं आधीचं.

माझा हात थांबला. लाकडाच्या गामेल्याचं लोखंडी घमेलं होण्याआधीचा, इथल्याच घरातला, साल घातलेला पुरावा!

“कुठे आहे ती?”

“माझ्या बहिणीकडे. इझाबेलबाय, अर्नाळ्याला. चला, सायकलवर डबलसीट घेतो, तासाभराचा रस्ता. मात्र ती जेवायला घातल्याशिवाय सोडायची नाही. उपास म्हणालात तर म्हणेल, माझ्यापेक्षा गणपती मोठा झाला का?”

ते हसले. मला तो दुसरा ओटा, दुसरी पानं, आणि पुन्हा एकदा सांगायचा तो उपास, हे सगळं समोर दिसलं.

“माझी गाडी चुकेल,” मी म्हणालो.

“दिवसभर गाड्या आहेत, साहेब.”

“पुढच्या वेळी नक्की.”

निघताना त्यांनी मला बागेच्या तोंडाशी थांबवलं. “एक विचारू? चाळीस वर्षं घरं बांधली. पाटी लागते ती मालकाची. कोशात माझं नाव येईल का?”

“येईल,” मी म्हणालो. “साहाय्य करणाऱ्यांची यादी असते. तिच्यात येईल.” हे खोटं नव्हतं. अशी यादी असायची.

पुण्याला परतल्यावर मी कार्ड केलं आणि कोपऱ्यात पेन्सिलने ‘ऐ’ लिहिलं. हे मी लिहिलं होतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

नानासाहेबांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्याने वाचलं, बिवलकरांना ऐकू जाईल असं.

“सतराशे अकरा! आणि हे ‘ऐ’ काय? तुम्ही वसईला जाऊन आलात ना?”

“हो.”

“काथवट पाहिलीत ना?”

बिवलकर पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होते.

“हो,” मी म्हणालो.

“मग? तुम्ही फार भित्रे, परचुरे. डोळ्यांनी बघता आणि ऐकीव लिहिता.” त्यांनी स्वतः खोडरबर घेऊन ते ‘ऐ’ पुसलं, फुंकर मारली आणि आपलं पेन माझ्यापुढे धरलं. मी ‘पा’ लिहिलं. खाली सही केली.

साहाय्यकांच्या यादीसाठी मच्याडोंचं नाव मात्र मी दिलं नाही. यादीतल्या माणसांना नानासाहेब स्वतः आभाराचं पत्र धाडत. उद्या मच्याडोंचं उत्तर आलं असतं आणि त्यात अर्नाळ्याची गोष्ट निघाली असती तर? देऊ नंतर, असं म्हणत राहिलो.

ऑक्टोबरात जागा माझी झाली. बिवलकरांनी हात मिळवला आणि म्हणाले, “घाम माझा, घमेलं तुमचं.” नोव्हेंबरात नानासाहेबांनी मला मुंबईला एका ग्रंथालयाच्या सभागृहात व्याख्यान द्यायला पाठवलं. विषय, एका शब्दाचा प्रवास. चाळीस-पन्नास माणसं होती. मी कागदावरून वाचलं. दुधाचा वाडगा, डुकरांचं पात्र, खलाशाचा डबा, सगळं वाचलं. फ्रेंच खलाशी आला तेव्हा लोक हसले. तो ‘एका मजुराला’ गोदीत भेटला, असं मी लिहिलं होतं. शेवटी काथवट आली.

पहिल्या रांगेतले एक वृद्ध प्राध्यापक उठले. “महत्त्वाचा पुरावा आहे. ती अक्षरं आपण स्वतः पाहिलीत?”

मी उत्तरासाठी मान वर केली तेव्हा चौथ्या रांगेत मच्याडो दिसले. काळा कोट घातलेला, बहुधा लग्नातला, बगलेत आवळलेला. शेजारी फिलोमिना. वर्तमानपत्रात सूचना वाचून आले असणार.

“हो,” मी म्हणालो. “स्वतः पाहिली.”

मच्याडो चमकले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. मी कागद आवरायला लागलो.

नंतर गर्दीतून वाट काढत ते आलेच. “साहेब! अर्नाळ्याला जाऊन आलात आणि कळवलं नाही? मी आलो असतो की बरोबर! इझाबेलबायही काही बोलली नाही.”

फिलोमिना माझ्याकडे टक लावून बघत होती.

“घाईत होतो,” मी म्हणालो. “उभ्या उभ्या पाहिली.”

“अक्षरं कशी आहेत? मी कधी धड बघितलीच नाहीत, खरं सांगायचं तर. लहानपणी तिला हात लावू देत नसत. खोल कोरलीयत?”

“बरीच झिजलीत.”

“झिजणारच. अडीचशे वर्षं झाली!” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘एका मजुराला’ हे शब्द त्यांनी ऐकले होते की नाही, कुणास ठाऊक. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. जाताना मागे वळून म्हणाले, “यादीचं लक्षात असू द्या.”

आणि तीन आठवड्यांनी ते निळं पत्र आलं. ते अजून माझ्याकडे आहे, तेव्हा आठवणीने लिहिण्याची गरज नाही.

‘परचुरे साहेबांना इनास मच्याडोचा नमस्कार. मागच्या रविवारी इझाबेलबायकडे गेलो होतो. काथवट तुमच्या कार्यालयाला देऊन टाकावी असं मनात होतं. बाय आता तिच्यात कोंबड्यांना दाणे घालते. काथ्याने घासून धुतली आणि उन्हात पालथी घातली. अक्षरं नाहीत. सुरीचे वार आहेत, एक कड किडीने खाल्लेली आहे. फिलूने सगळीकडे बोट फिरवून पाहिलं. आजी सांगायची की अक्षरं आहेत, पण आजीला वाचता येत नव्हतं. मीही पन्नास वर्षं न बघता तेच सांगत आलो. चूक माझी आहे.

‘इझाबेलबाय म्हणते, पुण्याचं कुणी आलंच नव्हतं. पण तिला आता आठवत नाही, म्हणून तिच्या बोलण्यावर मी जात नाही. तुम्ही सभेत सांगितलंत की स्वतः पाहिली. तेव्हा मला वाटतं, तुम्ही पत्ता चुकून दुसऱ्या घरी गेलात आणि तिथे अक्षरांची काथवट निघाली. तसं असेल तर त्या घराचा पत्ता कळवा. मला ती बघायची आहे. आणि आमचीच काथवट म्हणून कोशात लिहिलं असेल तर ते खोडा. माझं नाव यादीत घालणार होता, तेही आता घालू नका. भिंत ओळंब्यात नसली तर मी ती पाडतो आणि तिची मजुरी मागत नाही. उत्तराची वाट बघतो.’

खाली, वेगळ्या शाईत, फिलोमिनाच्या स्वतःच्या दोन ओळी होत्या. ‘बाबा रोज बागेच्या तोंडाशी पोस्टमनसाठी थांबतात. तुम्ही जे असेल ते लिहा, पण लिहा.’

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. चार-पाचदा बसलो. ‘ती काथवट मी पाहिली नव्हती’ एवढं एकच वाक्य लिहायचं होतं. त्यानंतर कार्ड बदलावं लागलं असतं, नानासाहेबांना सांगावं लागलं असतं, आणि बिवलकर पलीकडच्या टेबलावर बसलेले असते. लग्न ठरलं होतं माझं. पुढच्या आठवड्यात लिहू, असं म्हणता म्हणता मार्च आला. एवढ्या उशिरा काय लिहायचं, असं म्हणता म्हणता वर्ष गेलं. मच्याडोंनी दुसरं पत्र पाठवलं नाही.

१९७९मध्ये खंड छापून आला. ‘घमेलें’, अर्थ, व्युत्पत्ती, १७११ सालची काथवट, ‘पा.’ आणि माझी आद्याक्षरं. यादीत मच्याडो नव्हते. त्यांनीच नको म्हटलं होतं, असं मी स्वतःला सांगत असे. ती नोंद पुढे दोन प्रबंधांत उतरली. एकाने मला भेट म्हणून प्रतही दिली.

गेल्या वर्षी, २०२१मध्ये, कोशाची नवी आवृत्ती निघणार म्हणून कार्यालयाने सगळ्या जुन्या माणसांना छापील पत्रक पाठवलं. आढळलेल्या चुका कळवाव्यात. जुन्यांपैकी बहुधा मी एकटाच उरलो आहे. बिवलकर गेले, नानासाहेब तर केव्हाच. मी महिनाभर बसून बेचाळीस चुका काढल्या. कुठे अनुस्वार राहिलेला, कुठे संस्कृत धातू चुकलेला. सोळा त्यांतल्या बिवलकरांच्या होत्या, आणि त्या लिहिताना मला बरं वाटलं हे कबूल करतो. यादी स्वच्छ अक्षरात उतरवली, पाकिटात घातली, आणि पाकीट चिकटवता चिकटवता थांबलो. मी यादी पुन्हा बाहेर काढली आणि खाली त्रेचाळिसावी चूक लिहिली. ‘घमेलें. काथवटीचा पुरावा खोटा. पाहिल्याची सही माझी आहे. मी पाहिली नव्हती. व्युत्पत्तीची माहिती इनास मच्याडो, गवंडी, भुईगाव, यांची.’

मग दुसरा कागद घेतला.

‘श्री. इनास मच्याडो यांस, स. न. वि. वि. आपलं ५ डिसेंबर १९७६चं पत्र मिळालं. आपण विचारलं होतं की ती काथवट मी कुठल्या घरी पाहिली. मी ती कुठेही पाहिली नाही. अर्नाळ्याला मी गेलोच नव्हतो. इझाबेलबाईंना बरोबर आठवत होतं. त्या दिवशी माझा उपासही नव्हता. चूक आपली नव्हती. आपण ऐकलेलं सांगितलंत आणि ते पाहिल्याचं मी लिहिलं. आपल्याला मी सभेत मजूर म्हटलं, तेही चुकीचं. हे पत्र आपल्या हाती पडणार नाही हे मला वयावरून कळतं. फिलोमिनाबाईंनी किंवा घरच्या कुणी ते वाचावं. विनायक परचुरे.’

क्षमा मागणारं एक वाक्य लिहिलं होतं. ते फार छान जमलं होतं, म्हणून खोडलं.

पोस्टात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने मच्याडोंच्या पत्राचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“आजोबा, रजिस्टर आहे ना? आत काय आहे?”

“पत्र.”

“साधं पत्र? मग पाठवणाऱ्याचं नाव कुठेय?”

मी ते लिहिलं नव्हतं. विसरलो होतो असं म्हणायला मी तोंड उघडलं.

“मुद्दामच नाही लिहिलं,” मी म्हणालो.

“असं नाही चालत. घेणारा नसला तर कुणाला परत पाठवायचं?” तिने दोरीला बांधलेलं पेन माझ्याकडे सरकवलं. “पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. नीट लिहा, वाचता आलं पाहिजे.”

मागे रांग होती. मी सावकाश लिहिलं. तिने ओठ हलवत ते वाचून पाहिलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.